एका डोळ्याचे चार भाव

पवनी तालुक्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनला हंगाम असतो. धान कापून झाले, आधारभूत केंद्रावर मोजून झाले आणि चुकारे खात्यात आले की घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्याचा विषय निघतो. थंडीत जखम लवकर भरते, ही जुनी समजूतही मदतीला येते. आजच्या बिनटाक्याच्या ऑपरेशनला उन्हाळा, पावसाळा, हिवाळा सारखाच. पण हातात पैसा हिवाळ्यातच असतो, म्हणून हंगाम टिकून आहे.

गोसीखुर्द धरणाच्या आसपासच्या एखाद्या घरात हा विषय निघाला की पाहता पाहता चार भाव गोळा होतात. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ऑपरेशन सरकारी, खिशातून जवळजवळ काही जात नाही. शिबिरात नाव लागले तर कुठल्याशा ट्रस्टची गाडी येते, नेते, आणते, जेवणही देते. भंडाऱ्यातला खासगी डॉक्टर काही हजार सांगतो. आणि जावई नागपूरला धंतोलीत चौकशी करतो तेव्हा त्याच्यापुढे तीन-चार ‘पॅकेजं’ची यादी ठेवली जाते. तिच्यातल्या खालच्या आणि वरच्या ओळीत एका म्हशीच्या किमतीचा फरक असतो. डोळा तोच, मोतीबिंदू तोच, टेबलावरचा वेळही साधारण तेवढाच. मग भाव इतके वेगळे का?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. खासगी रुग्णालयांचे दर ठरवून द्यावेत, अशी मागणी करणाऱ्या ‘व्हेटरन्स फोरम फॉर ट्रान्सपरन्सी इन पब्लिक लाइफ’ या संस्थेच्या याचिकेवर २७ फेब्रुवारी २०२४ रोजी सुनावणी झाली. तेव्हा उदाहरण म्हणून पुढे आली ती मोतीबिंदूचीच शस्त्रक्रिया. सरकारी व्यवस्थेत एका डोळ्याला १०,००० रुपयांपर्यंत खर्च येतो आणि खासगीत तोच आकडा ३०,००० पासून १,४०,००० रुपयांपर्यंत जातो, असे मांडले गेले. पुढे नेत्रतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने एकसमान दराला आव्हान दिले. सगळ्या डॉक्टरांना आणि सगळ्या रुग्णालयांना एकच दर लावता येणार नाही, हे तिचे म्हणणे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. भावातला काही फरक खरोखर खर्चाचा असतो, काही रुग्णाच्या निवडीचा, आणि काही निव्वळ त्याच्या अंधारात असण्याचा. हे तीन वाटे वेगळे काढता आले तर बिल वाचता येते.

दोन पद्धती, एक पुण्याचा अभ्यास

डोळ्यातली नैसर्गिक लेन्स वयाने गढूळ होते, तो मोतीबिंदू. ऑपरेशनात ही गढूळ लेन्स काढतात आणि तिचे पातळ आवरण जागेवर ठेवून त्यात कृत्रिम लेन्स बसवतात. काढण्याच्या आज दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत डोळ्याच्या पांढऱ्या भागातून सहा-सात मिलिमीटरचा बोगद्यासारखा छेद घेऊन लेन्सचा गर अखंड बाहेर काढतात. छेद आपोआप मिटतो, टाका लागत नाही. डॉक्टर तिला एसआयसीएस म्हणतात. दुसरी फेको. हिच्यात अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून बारीक सुई आत जाते आणि गराचे तुकडे करून ओढून घेते. गावात फेकोला ‘लेझरचे ऑपरेशन’ म्हणतात. प्रत्यक्षात ती सुई ध्वनिलहरींच्या कंपनांवर चालते. खऱ्या लेझरने छेद घेण्याचे यंत्रही आहे, पण त्याचा आकार वेगळा लावतात. म्हणून ‘लेझर’ शब्द ऐकून पैसे मोजण्याआधी कुठले लेझर, हे विचारलेले बरे.

फेकोचे यंत्र महाग, त्याच्या नळ्या, सुया, द्रव यांचा खर्च दर ऑपरेशनला येतो आणि डॉक्टरला ती शिकायला वेळ लागतो. हा खर्चातला खरा फरक. पण तो किती? याचे उत्तर महाराष्ट्रातच शोधले गेले. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात ४०० रुग्णांना चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत वाटून दोन्ही पद्धतींची तुलना झाली. सहा आठवड्यांनंतर चष्म्याशिवाय बऱ्यापैकी दिसणाऱ्यांचे प्रमाण फेकोत ८१ टक्के होते आणि एसआयसीएसमध्ये ७१ टक्के. चष्मा दिल्यावर मात्र दोन्ही गट ९८ टक्क्यांवर येऊन बरोबरीत थांबले. हे निष्कर्ष २००५ मध्ये छापून आले. २००७ मध्ये त्याच रुग्णालयाने खर्चाचा हिशेब मांडला: रुग्णालयाला एक फेको सुमारे १,९८० रुपयांना पडत होती आणि एक एसआयसीएस सुमारे ७२० रुपयांना.

हे आकडे त्या काळचे आणि भरपूर ऑपरेशने करणाऱ्या ट्रस्टच्या रुग्णालयाचे आहेत. आज ते वाढलेले असणार. तरी त्यांतून दोन गोष्टी कळतात. फेकोचा फायदा खरा आहे: चष्म्यावरचे अवलंबन कमी होते आणि डोळा लवकर सावरतो. दुसरे असे की, पद्धतीमुळे रुग्णालयाच्या खर्चात पडणारा फरक हजारांत होता, लाखात नव्हता. तीस हजार आणि एक लाख चाळीस हजार यांच्यामधली दरी केवळ पद्धतीने भरून निघत नाही.

शिवाय गावात अजून एक जुना सल्ला दिला जातो, ‘मोतीबिंदू पिकू द्या’. टाके घालायच्या जमान्यात त्याला अर्थ होता. आता पिकून घट्ट झालेला गर फोडायला फेकोला जास्त वेळ आणि ताकद लागते, धोका वाढतो, आणि मग डॉक्टर एसआयसीएसच बरी म्हणू शकतो. थांबल्याने स्वस्त होत नाही, निवड तेवढी कमी होते.

बिलातली सर्वांत मोठी ओळ

दरी भरते ती लेन्सने. पॅकेजच्या यादीत वर-खाली सरकताना बहुतेक वेळा डॉक्टर बदलत नाही, यंत्र बदलत नाही, लेन्स बदलते.

साधी लेन्स कडक प्लास्टिकची असते. तिला मोठा छेद लागतो म्हणून ती एसआयसीएसबरोबर जाते. घडी करून लहान छेदातून आत सोडायची, मग आत उलगडणारी, ती फोल्डेबल. तिच्यातही पाणी धरणारे आणि न धरणारे असे दोन प्रकारचे अ‍ॅक्रिलिक असते. पाणी न धरणारे सहसा महाग. त्याच्यामागे आवरणावर पुन्हा जाळी धरण्याचे प्रमाण कमी राहते. या सगळ्या लेन्स एकाच अंतरावर नेमक्या असतात. साधारणपणे लांबचे चष्म्याशिवाय दिसते, वाचायला चष्मा लागतो. यापुढची पायरी टोरिक लेन्सची. बुबुळाचा बाक वाकडा असला तर तोही ती सुधारते. त्याच्याही वर दोन किंवा तीन अंतरांवर दाखवणाऱ्या मल्टिफोकल आणि ट्रायफोकल लेन्स. प्रत्येकीत देशी आणि ‘इंपोर्टेड’ असा आणखी एक भेद.

टोरिकचा उपयोग बाक असणाऱ्यालाच. ज्याचे बुबुळ सरळ आहे त्याला तिचे पैसे वाया. मल्टिफोकलने चष्मा सुटू शकतो, पण रात्री गाडीच्या दिव्याभोवती वलये दिसणे आणि अंधुक प्रकाशात चित्र थोडे फिके पडणे हा तिचा दुसरा हिशेब आहे. आणि ज्याच्या डोळ्याच्या पडद्याला मधुमेहाने आधीच धक्का लावला आहे, त्याला एक लाखाची लेन्सही गेलेली नजर परत देत नाही. बांधावर जाणाऱ्या, गुरे ओळखणाऱ्या, पोथी वाचायला चष्मा लावायला हरकत नसलेल्या माणसाला चांगली एकाच अंतराची लेन्स पुरते. इथे महाग म्हणजे चांगले असे नसते, महाग म्हणजे वेगळे.

लेन्सची किंमत खाली येऊ शकते, हेही आपल्याच देशात दिसले आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये मदुराईला ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. बाहेरून येणारी लेन्स गरिबाला परवडत नाही हे पाहून त्यांच्या संस्थेने १९९२ मध्ये ऑरोलॅब हा कारखाना काढला आणि शंभर डॉलरच्या घरातली लेन्स दहा डॉलरच्या आसपास आणून ठेवली. हृदयाच्या स्टेंटची आणि गुडघ्याच्या सांध्याची कमाल किंमत सरकारने २०१७ मध्ये बांधून दिली; डोळ्याच्या लेन्सला तशी कमाल किंमत लावलेली नाही. त्यामुळे रुग्णालय ज्या भावाने लेन्स घेते आणि पाकिटावर जो भाव छापलेला असतो, त्यांत मोठे अंतर राहू शकते. त्यातला किती वाटा रुग्णाला सोडायचा, हे रुग्णालय ठरवते.

रांग लांब तर खर्च आखूड

ऑपरेशन थिएटर, सूक्ष्मदर्शक, फेकोचे यंत्र, निर्जंतुकीकरणाची सोय, पगारी माणसे आणि जागेचे भाडे हा खर्च रुग्ण आला न आला तरी चालूच असतो. समजा महिन्याला तो तीन लाख रुपये आहे. महिन्यात वीस ऑपरेशने झाली तर प्रत्येकाच्या वाट्याला १५,००० रुपये येतात; तीनशे झाली तर १,०००. डॉक्टर तितकाच कुशल, लेन्स तीच, तरी पहिल्याचा भाव चढा राहणार. धंतोली-रामदासपेठेतले भाडे, शनिवारी-रविवारी मोकळे राहणारे थिएटर, नव्या यंत्राचा हप्ता, सगळे याच भागाकारात शिरते.

अरविंदचे यश या भागाकारात आहे. एका सर्जनसमोर दोन टेबले असतात. एकावर ऑपरेशन चालू असताना दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार होतो, आणि डॉक्टरशिवाय होणारी सगळी कामे प्रशिक्षित मुली करतात. महाराष्ट्रात सरकारी व्यवस्थेत अशाच वेगाने काम करून दाखवणारे नाव म्हणजे डॉ. तात्याराव लहाने. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांच्या हातून लाखाहून अधिक मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या हातातून रोज ऑपरेशने होतात तो हात सहसा जास्त सफाईचा असतो. म्हणजे इथे स्वस्त आणि चांगले बरोबर नांदू शकतात.

पण स्वस्ताईचा दुसरा रस्ताही आहे, आणि तो धोक्याचा. प्रत्येक रुग्णासाठी नव्याने निर्जंतुक केलेला उपकरणांचा संच वापरायचा की नाही, इथे काटकसर केली तर जंतुसंसर्गाने डोळाच जातो. शाळेच्या वर्गात, समाजमंदिरात टेबले लावून ऑपरेशने करण्याची पद्धत याच कारणाने मागे पडली. राष्ट्रीय कार्यक्रमाचा दंडक आता असा की शिबिरात फक्त तपासणी, ऑपरेशन कायमच्या थिएटरमध्ये. शिबिराची गाडी कोणत्या रुग्णालयात नेणार, हे विचारून घेणे म्हणूनच जेवणाखाणापेक्षा महत्त्वाचे.

फुकटाचे पैसे कोण देते

सरकारी दवाखान्यातल्या ऑपरेशनलाही पैसे लागतातच, ते दुसऱ्या वहीत लिहिलेले असतात एवढेच. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालतो. जिल्हा रुग्णालयातल्या नेत्रतज्ज्ञाचा पगार, औषधे, लेन्स सरकारी तिजोरीतून. ट्रस्टच्या रुग्णालयाने मोफत ऑपरेशन केले तर या कार्यक्रमातून त्याला ठरावीक अनुदान मिळते; आधी ते एका ऑपरेशनला १,००० रुपये होते, पुढे २,००० झाले. एवढ्यात सगळे भागत नाही. उरलेले देणगीतून, किंवा त्याच रुग्णालयात पैसे भरणाऱ्या रुग्णाच्या बिलातून येते. म्हणजे एकाच छताखाली तीच लेन्स एकाला फुकट आणि दुसऱ्याला सशुल्क बसते. यात फसवणूक नाही, ती उघड व्यवस्था आहे.

तिसरी वाट धर्मादाय रुग्णालयांची, आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेली योजना यांनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १,८०,००० आणि दुर्बलांसाठी ३,६०,००० रुपये. बाहेरून चकचकीत दिसणारे रुग्णालयही ट्रस्टचे असू शकते. रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला सोबत असेल आणि दाखल होण्याआधी विचारले तर बिल अर्ध्यावर किंवा शून्यावर येऊ शकते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले ऑपरेशन बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयातला आरोग्यमित्र सांगतो. त्याचे टेबल तिथे असतेच.

चौथा पैसे देणारा म्हणजे विमा. सर्वसाधारण ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसीत मोतीबिंदूला दोन वर्षे थांबावे लागते, आणि नंतरही एका डोळ्याला विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यांतले जे कमी तेवढेच मिळते. काउंटरवर पहिला प्रश्न ‘इन्शुरन्स आहे का?’ असा आला, तर भाव सांगण्याआधी पैसे कोण देणार हे पाहिले जात आहे, असे समजायला हरकत नाही. वरचा फरक शेवटी रुग्णाच्याच खिशातून जातो.

न दिसणारे आणि न लिहिलेले

बिलात कधीच न छापली जाणारी एक ओळ असते, ती म्हणजे कट. रुग्ण पाठवणाऱ्याला रुग्णालयाने दिलेला वाटा. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेला तो मान्य नाही. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार केला, पण कायदा झाला नाही. ज्या रुग्णालयाला रुग्णामागे असा वाटा द्यावा लागतो, ते तो भरून काढणार कुठून? भावातूनच.

दुसरा न लिहिलेला खर्च रुग्णाच्या बाजूचा. गोसीखुर्दहून पवनी-भिवापूर-उमरेडमार्गे नागपूर नव्वद-शंभर किलोमीटर, भंडारा त्याहून जवळ. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत, महिलांना अर्धे तिकीट. पण सोबत येणाऱ्या मुलाची रोजी बुडते. एकदा तपासणी, एकदा ऑपरेशन, दुसऱ्या दिवशी पट्टी काढणे, मग आठवड्याने, महिन्याने. फुकटच्या ऑपरेशनसाठी तारखेवर तारीख मिळत गेली तर जवळचा सशुल्क डॉक्टर परवडला असे होऊ शकते. आणि नागपूरचे पॅकेज स्वस्त दिसले तरी पाच फेऱ्यांनी ते महाग होते. घराच्या हिशेबात हेही धरायला हवे.

पॅकेजात काय धरले आहे, इथेही भाव फसवतात. लेन्सचा नंबर काढण्याची मोजणी, साखर आणि रक्ताच्या तपासण्या, गरज पडल्यास पडद्याचा स्कॅन, महिनाभराचे थेंब, पुढच्या तपासण्या आणि शेवटचा चष्मा. कुणी हे सगळे एकत्र सांगतो, कुणी फक्त टेबलावरचे. वीस हजारांत सगळे आणि सोळा हजारांत फक्त ऑपरेशन, यांत स्वस्त कोणते ते बेरीज केल्याशिवाय कळत नाही.

कायद्याची मदत इथे थोडी आहे. दराच्या बंधनाची तरतूद असलेला २०१० चा केंद्रीय क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो. त्याखालच्या २०२१ च्या सुधारित नियमांनी दर बांधले नाहीत, पण दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. म्हणजे भाव विचारणे हा आगाऊपणा नाही, तो हक्क आहे.

विचारायचे ते नेमके विचारावे. पद्धत कोणती, फेको की एसआयसीएस, आणि माझ्या डोळ्याला तीच का? लेन्स कोणत्या कंपनीची, कोणत्या प्रकारची, आणि तिच्या खालची लेन्स घेतली तर माझ्या दिसण्यात नेमका काय फरक पडेल? सांगितलेल्या रकमेत तपासण्या, थेंब आणि फेऱ्या धरल्या आहेत का? ऑपरेशन कोण करणार आणि कुठल्या थिएटरमध्ये? पडद्याची तपासणी झाली का? उत्तरे कागदावर घ्यावीत.

आणि घरी येताना एक गोष्ट तपासून घ्यावी. प्रत्येक लेन्सच्या पाकिटात चिकटपट्ट्या असतात. त्यांवर कंपनी, मॉडेल, डायॉप्टरमधला नंबर आणि अनुक्रमांक छापलेला असतो. त्यातली एक डिस्चार्ज कार्डावर लावलेली असायला हवी. नसेल तर मागून घ्यावी. जी लेन्स बसवली म्हणून पैसे घेतले तीच बसली, याचा तो पुरावा. पुढे नजरेची काही तक्रार आली तर कोणत्याही डॉक्टरला आधी तोच कागद लागेल.

त्याचा आणखी एक उपयोग आहे. माणूस सहसा एखादे ऑपरेशन आयुष्यात एकदाच करतो, त्यामुळे भावाची तुलना करायला आधार नसतो. मोतीबिंदू बहुधा दोन्ही डोळ्यांना येतो, काही महिन्यांच्या किंवा वर्षांच्या अंतराने. पहिल्या डोळ्याच्या वेळी पुढ्यात आलेला भाव पटला न पटला तरी देऊन टाकलेला असतो. दुसऱ्याच्या वेळी हातात कार्ड असते, लेन्सचे मॉडेल असते, बिल असते. भंडाऱ्यात आणि नागपुरात दोन-तीन ठिकाणी ते दाखवून ‘हीच लेन्स, हीच पद्धत, सगळे धरून किती?’ एवढेच विचारायचे. मग येणाऱ्या आकड्यांत जो फरक उरेल त्यात लेन्सचा वाटा नसेल. तो जागेचा, गर्दीचा, कटाचा किंवा नावाचा असेल, आणि तो द्यायचा की नाही, हे घरच्यांना डोळे उघडे ठेवून ठरवता येईल.